शिंक्यातली भाकरी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या दोन राज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. मधल्या नदीच्या उतारावर त्यांची एक लढाई झाली. कोण जिंकलं म्हणता? अहो, दोघंही! इकडच्या बखरीत लिहिलं, 'आमचा एकही गडी पडला नाही.' तिकडच्या बखरीतही तेच. खरं कुणाचं, यावर दोन्ही दरबार वर्षानुवर्षं भांडत होते.

इकडच्या राज्यात एक रीत होती. माणूस लढाईवर गेला की त्याच्या नावाची भाकरी रोज शिंक्यात ठेवायची. परतला तर त्यानं ती खायची. पडला, तर दसऱ्याला देवळात बखर वाचताना त्याचं नाव घेतलं जायचं. मग भाकरी ठेवणं थांबायचं.

गोदूचा नवरा रुमाजी त्या लढाईवरून परतला नव्हता, आणि बखरीत त्याचं नावही नव्हतं. बारा वर्षं ती भाकरी ठेवत होती. कडी वाजली की हातातलं काम टाकून दाराशी धावायची. बाहेर नुसता वारा असायचा.

एका दसऱ्याला वाचन संपलं आणि ती उठली. "बखरकारबाबा, माझ्या धन्याचं नाव लिहा."

बखरकार चपापला. "अगं बाई, एक जरी नाव लिहिलं तरी तिकडचे म्हणतील, बघा, खोटे पडले!"

"मग तो जिवंत आहे म्हणा. कुठंय? मला त्याची फार आठवण येते हो. आणि रडले तर लोक म्हणतात, जित्या नवऱ्याला रडते, अवदसा!"

तिनं पदराखालची भाकरी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. "आता ही तुम्हीच ठेवत जा. तुमच्या बखरीत तो जिवंत आहे ना? मग तुमच्याच दारी येईल."

बखरकारानं मान खाली घालून ती भाकरी घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओसरीवर चाळीस बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात भाकरी. ती लढाई त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. त्या भाकऱ्यांसमोर त्याला घास गिळवेना. शेवटी त्यानं लेखणी उचलली.

राजानं त्याला देशोधडीला लावलं. पण पुढच्या दसऱ्याला देवळात नावं वाचली गेलीच. रुमाजीचं नाव आलं आणि गोदू सगळ्यांदेखत हंबरडा फोडून रडली.

घरी आल्यावर तिनं सवयीनं दोघांपुरतं पीठ काढलं. मग त्यातलं निम्मं परत मडक्यात टाकलं.

म्हणून सांगतो, कोण जिंकलं ते लिहिण्याआधी कोण परतलं नाही ते लिहावं.