धोंडाईचा उतार

फार फार वर्षांमागं, झरेवाडीच्या ओढ्याला पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडं ख्रिस्ती वस्ती, पलीकडं येशूचं मातीचं देऊळ. मधल्या उतारावरून जायचं ते दगडांवर पाय देत.

ते दगड मांडायची रिबेकाबाई. एकटी विधवा बाई. दर पुरात दगड वाहून जायचे आणि रविवारच्या पहाटे ती पाण्यात उतरून नवे मांडायची. तिचं खरं नाव सगळे विसरले आणि तिला धोंडाई म्हणू लागले. पण तिच्या कष्टांचा विचार कुणी कधी केला नाही. असं म्हणतात, लोकांना वाटायचं, दगड तिथं असतातच.

उलट तक्रारीच फार. "पाऊल लांब पडतं." "दगड हलतो गं, लुगडं भिजलं माझं!" धोंडाई कातावायची. "मग तुम्ही मांडा की!" मांडायला कुणी येत नसे.

सगळ्यांत ताप पंच शिमोनरावांचा. उपासनेला धोंडाई उशिरा पोचली की ते दारातच अडवायचे. "पुन्हा उशीर? आणि हे चिखलाचे पाय? बस उंबऱ्याबाहेर." धोंडाई बाहेर बसायची आणि आभाळाकडं बघून पुटपुटायची, "प्रभू, कोरड्या पायांनी हा आला कशावरून, ते तू तरी सांग याला. माझं डोकं उठलं आता. तुझ्यासाठी करते म्हणून करते, नाहीतर कधीच सोडलं असतं."

एका श्रावणात भर उपासनेत ओढा फुगला. पाणी देवळाच्या भिंतीला लागलं, माती ढासळू लागली. आत साठ-सत्तर माणसं, लेकरं, एक पोटुशी बाई.

धोंडाई छातीभर पाण्यात उतरली. दगड दिसत नव्हते, पण तिला पाठ होते. "ये, इथं पाय टाक! अगं तिथं नाही, इथं! किती वर्षं चालताय यावरून, अजून कळत नाही?" अशी एकेकाला नावानं बोलावत, झापत, हात धरून तिनं वस्तीच्या काठाला लावलं. शेवटी शिमोनराव आले. मधोमध थबकले. "धोंडाई, इथं दगडच नाही गं."

"नसू दे. माझ्या खांद्यावर ठेवा पाय. ठेवा म्हणते ना!"

पंचांनी पाय ठेवला आणि काठावर पोचून ते लहान मुलासारखे रडले.

असं म्हणतात, पाणी उतरल्यावर तिचे सगळे दगड अर्ध्या कोसावर सापडले. गुराख्यानं ते ओढा फुगताच, माणसं ओलांडायच्या आधीच, वाहत जाताना पाहिले होते. मग माणसं आली कशावरून? लोकांनी धोंडाईला विचारून विचारून भंडावलं. ती वैतागून म्हणाली, "मला काय विचारता? ज्याच्या घरी गेला होतात, त्याला विचारा!"

आता पूल आहे. पण पावसाळ्याआधीच्या रविवारी झरेवाडीत पुलावरून कुणी जात नाही. घरटी एक दगड ओढ्यात मांडतात. मग पाळक एक नाव पुकारतात, वर्षभर ज्याच्या कामाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही अशा माणसाचं. तो माणूस पहिला ओढा ओलांडतो, बाकीचे मागून.

गेल्या साली देवळातल्या सतरंज्या झटकणाऱ्या सुलभाबाईंचं नाव निघालं. त्या मागं वळून बघत राहिल्या, कुणाला बोलावलं म्हणून. पाळकांना तीनदा हाक मारावी लागली.