टिलव्याची शिदोरी

पूर्वी क्षेमवती नगरात राजा अजितकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या मोठ्या तळ्याचा राखणदार होऊन जन्मला होता. नाव पिंगल. नदीचे पाणी तळ्यात आणणाऱ्या पाटाचे दार त्याच्या ताब्यात असे. ते राखणदाराशिवाय कोणी उचलायचे नाही, खुद्द राजानेही नाही, अशी तळ्याची जुनी रीत होती.

वसंतात पाणी आटे, काठ उघडा पडे आणि त्या चिखलावर उत्तरेला परतणारे पाहुणे पक्षी उतरत. टिलवे, तुतवार, चिखले. लव्हाळ्यातले वटवटे दिसत नसत, नुसते बोलत. पिंगल पहाटेपासून गुडघाभर चिखलात बसून त्यांना न्याहाळी. बसे तोही असा, की एकदा एक तुतवार त्याच्या डोक्यावर शेपटी हलवीत घटकाभर उभा राहिला. असे झाले नाही म्हणून सांगायला निदान तो तुतवार तरी आलेला नाही.

गावात पिंगलला थापाड्या म्हणत. तरुणपणी तो तांड्याबरोबर हिमवंताच्या खिंडीपर्यंत गेला होता आणि बर्फावरून हेच टिलवे जाताना त्याने पाहिले होते. ते तो सांगे. लोक पोट धरून हसत. "मुठीत मावतो तो टिलवा? आणि येताना काय रे, मेरू पर्वत चोचीत धरून आणतो?" पिंगलही हसे. खोटे तो जन्मात बोलला नव्हता. त्याच्या वाट्याचे खरेच तेवढे मोठे होते.

एका चैत्रात राणीला नौकाविहाराची हौस आली. नौकाध्यक्ष कुंभकाने बारा नावा काठाला आणल्या, त्यांना रेशमी जाळीच्या झालरी लावल्या आणि पिंगलला गाठले.

"पाटाचं दार उचल. पौर्णिमेच्या आत तळं काठोकाठ भरलं पाहिजे."

"चिखल बुडेल, स्वामी. पाखरं खातील काय?"

"जातील दुसरीकडे. पंख कशाला दिलेत?" मग कुंभकाने आवाज मऊ केला. "तुझ्या त्या हिमवंताच्या गोष्टीनं महाराजांना घोर लावलाय. ती थाप होती, एवढंच त्यांना सांग. बारा नावांचा नायक करतो तुला. नाहीतर नवा राखणदार येईल."

पिंगलला तळ्याकाठच्या झोपडीखेरीज घर नव्हते.

"जन्मभर थापाड्या म्हणवून घेतलं," तो म्हणाला, "आता या वयात पहिली थाप कशी मारू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा स्वतः तळ्यावर आला. पिंगल झालरीच्या जाळीत अडकलेले टिलवे सोडवीत होता.

"पिंगला, खरं सांग. ही पाखरं दुसऱ्या तळ्यावर का जाणार नाहीत?"

पिंगलने एक टिलवा उताणा धरून त्याच्या छातीवर हळूच फुंकर घातली. पिसे दुभंगली. आत हाड वर आलेले, कातडी रिकाम्या पिशवीसारखी. "हा काल आला, महाराज." मग त्याने दुसऱ्यावर फुंकर घातली. पातळ कातडीखाली चरबीचा लोण्यासारखा पिवळा थर दिसला. "हा येऊन पंधरा दिवस झाले. ही त्याची शिदोरी. आसपासची तळी आटलीत आणि हिमवंतावर अन्नछत्र नाही. पहिल्याला आज उठवलंत, तर तो वाटेतच पडेल."

राजाने तो पहिला टिलवा हातात घेतला. वजन जाणवेना, जाणवत होती नुसती धडधड.

"याची शिदोरी कधी भरेल?"

"पौर्णिमेपर्यंत. चिखल राहिला तर."

"कुंभका," राजा म्हणाला, "नावा आहेत तिथेच राहू देत. झालरी तेवढ्या काढ."

पौर्णिमेला नौकाविहार झाला खरा. बारा नावा चिखलात रुतलेल्या, राणीसकट सगळा दरबार त्यांत तोंडावर बोट ठेवून बसलेला, आणि टिलवे नावांना वळसे घालीत धावताहेत. सूर्य टेकला तसे ते सगळे एकदम उठले, एक गिरकी घेतली आणि उत्तरेकडे लहान लहान होत गेले.

राजाने हलकेच विचारले, "पोहोचतील ना रे?"

"खिंडीपर्यंत जाताना मी पाहिलंय, महाराज. त्यापुढं मी गेलेलो नाही."

दरबारात कोणी हसले नाही.

एवढे सांगून तथागत भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कुंभक म्हणजे आत्ता मागे बसून या गोष्टीला हसणारा भिक्षू सोणक. राजा म्हणजे आपला उपासक वसुदिन्न, आणि तळ्याचा राखणदार मीच होतो." पाखरांवरच्या करुणेपोटी जिने पाटाचे दार उचलू दिले नाही, ती सत्यपारमिता, खरेपणाची परिपूर्णता.