सोवळ्यातले कोअर

“...पण मशीन बंद न करता ते कोअर परत घ्यायचे कसे, बाई?”

लॅपटॉप छातीशी धरून श्रीरंग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. आत मंदाकिनीबाई वड्यांचं पीठ मळत होत्या. आज त्यांच्या यजमानांचं श्राद्ध. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तो बाईंकडेच शिकला होता. पण आज बाई सोवळ्यात, त्यांना कुणी शिवायचं नाही.

आल्या आल्या त्याने सगळं सांगून टाकलं होतं. इस्पितळाच्या मशीनला आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे आठ हात. त्यातले चार त्याने नवजात बाळांच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला वेगळे काढलेले. दोन वर्षांत एक ठोका निसटला नव्हता, आणि हे तो चारचौघांत सांगतही असे. आज बाळं दोनच, त्यामुळे दोन हात रिकामे. उरलेल्या चारांवर मात्र तापाचे साठ रोगी, आणि त्यांच्या धोक्याच्या घंटा मिनिटभर उशिरा वाजत होत्या. वाटणी बदलायची तर मशीन बंद करून चालू करायचं. तेवढी चार मिनिटं बाळांकडे बघणार कोण?

“वेगळे काढलेस कधी?”

“मशीन सुरू होतानाच. मग तिकडे दुसरं काम फिरकतच नाही. कडक सोवळं, बाई. तुमच्यासारखं.”

“आपणहून फिरकत नाही. कुणी हाताला धरून नेऊन बसवलं तर?”

उत्तर त्याला येत होतं. करून बघायचं कधी मनात आलं नव्हतं.

“बसेल,” तो पुटपुटला. “पण मग ते... बाटतील.”

बाई उठल्या. हात धुतले, उंबरा ओलांडला आणि त्याच्या हातातून लॅपटॉप घेतला. बोटांना बोटं लागली. तो दचकून मागे सरला.

इस्पितळाच्या मशीनला जोडलेल्या त्या लॅपटॉपवरूनच तापाच्या कक्षाची कामं त्यांनी एकेक करून रिकाम्या दोन कोअरवर नेऊन बसवली. बाळांच्या दोन कोअरना हात लावला नाही.

घंटांचा उशीर चाळीस सेकंदांवर आला. मग अकरा. मग काहीच नाही. बाळांचे ठोके तसेच, एकही न चुकता. इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आता ठीक चाललंय म्हणून.

श्रीरंग भिंतीला टेकून खालीच बसला. सकाळपासून आपण पाणीही प्यायलो नाही, हे त्याला आत्ता आठवलं.

“नैवेद्याला उशीर होणार, बाई. माझ्यामुळे.”

“अंघोळ करून पुन्हा नेसेन. ह्यांना माझी वाट बघायची सवय आहे.”

“पण सोवळं मोडलं ना...”

बाईंनी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला.

“मोडलं कुठे? नेसलं होतं, म्हणून सोडता आलं.”