महाराजांच्या पाठीवरची बिळे

"बाय गो, भोक बोटाएवढं असतं तेव्हा बोटानं बुजतं. हाताएवढं झालं की सगळा गाव लागतो."

हा आवाज कानू बांधकऱ्याचा. त्याला जाऊन वीस पावसाळे झाले होते. तरी त्याची लेक आवडी खारबांधाच्या चिखलात हात घाली, तेव्हा तिच्या कानी तोच आवाज येई.

भाविकहो, खारशेत हे खाडीकाठचे गाव. मातीच्या बांधापल्याड खारे पाणी, अल्याड भाताची खाचरे आणि गावाची एकुलती एक गोडी विहीर. खेकडे त्या बांधाला बिळे पाडीत. म्हणून वाडवडिलांनी घरटी एकेक वाटा लावून दिला होता. अमावास्या-पुनवेच्या उधाणाआधी ज्याने त्याने आपला वाटा चालून बघावा, बिळे चिखलपेंढ्याने बुजवावीत. कानू बांधावरून हाळी देई, "आपापला वाटाऽऽ!" की घराघरांतून माणसे निघत. कानू गेला, त्याच्यामागे हाळीही गेली. शेजाऱ्याने बुजवले नाही, मग मीच का, असे करता करता सगळा बांध एकट्या आवडीच्या हातांवर आला.

अशा या गावी नारोबा महाराज ज्येष्ठात आले आणि ग्रामदेवीच्या देवळाच्या पडवीत राहिले. सायंकाळी गाव दर्शनाला जमे. आवडी सगळ्यांत मागे उभी राही, कोपरापर्यंत चिखल वाळलेला.

"महाराज, मला नाम घ्यायला सवड होत नाही," ती एकदा म्हणाली. "दिवस सगळा खेकड्यांमागं जातो."

महाराज म्हणाले, "बाळ, बीळ बुजवताना तोंडानं काय म्हणतेस?"

ती लाजली. मग बांधावर गुणगुणायची ओवी तिने हळूच म्हटली :

समिंदर राजा । पल्याड रे उभा
अल्याड माझी शोभा । हिरवीगार
माझ्या ओंजळीचा । ओला गे चिखल
तेवढाच अडसर । दोघांमध्ये

महाराजांचे डोळे भरून आले. पण पुढे बसलेले दाजी खोत मोठ्याने हसले. गावातले सर्वांत मोठे घर त्यांचे, बांधाचा सर्वांत लांब वाटाही त्यांचाच. "महाराज, हिला समुद्राचं वेड आहे. बापानं खेकडे मोजले, ही खेकड्यांना गाणी म्हणते! आवडे, खेकड्याशीच लगीन लाव गो, दहा पायांचा नवरा मिळंल." सारी पडवी खदखदा हसली. महाराज तेवढे हसले नाहीत.

श्रावण संपत आला. भात पोटरीला आले होते, लोंब्या फुटायच्या बेतात. पिठोरी अमावास्या चार दिवसांवर असताना खोतांच्या वाट्यात आवडीला बांधाच्या आतल्या अंगाला ओल दिसली. बोट लावले, तर चिखल आत खचला. पेंढा आणायला ती वळते, तो दाजी समोर उभे.

"माझ्या वाट्यात पाय ठेवायचा नाही!"

"दाजी, आतून पाणी खेळतंय. एवढं बुजवते नि जाते."

"माझा वाटा मी बघीन. पुन्हा इथं दिसलीस, तर तुझं खोपट उपटून खाडीत टाकीन. लोकांच्या वस्तूला हात लावायची सवयच आहे तुला."

त्या मायमाऊलीने मग काय केले? घरोघर फिरली. "खोतांच्या वाट्यात ओल आहे, चार माणसं या." एक म्हणाला, माझा वाटा धड आहे. दुसरा म्हणाला, खोतांशी वाकडं कोण घेणार? तिसऱ्या घरातल्या बाईने चुलीपुढूनच हात हलवला. शेवटच्या घरून परतताना आवडी रस्त्यातच बसली. बापासारखी हाळी द्यावी म्हणून तिने तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. वीस वर्षे एकटीने बांध सांभाळून ती थकली होती.

अमावास्येला भर दुपारी उधाण आले आणि खोतांच्या वाट्यात बांध फुटला.

आधी तोंड परातीएवढे, मग दाराएवढे. खारे पाणी पोटरीतल्या भातावरून धावत सुटले. गाव टोपल्या-फावडी घेऊन निघाला खरा, पण भाविकहो, त्या दिवशी गावाने जे केले, ते सांगताना जीभ अडखळते. भगदाडाकडे कोणी गेले नाही. जो तो आपल्या खाचराकडे धावला आणि आपापल्या खाचराभोवती वीतभर उंचीचा बांध घालू लागला! शेजाऱ्याच्या शेतातली माती ओढून आपली कड उंच करू लागला. सख्खे भाऊ एका फावड्यासाठी झोंबले. पाण्याने ते सगळे बांध एकेका घोटात गिळले. विहीर तेवढी पाण्यापासून दोन खाचरे पलीकडे उरली.

तेव्हा दाजी खोत ओरडले, "ही बघा, हिचे हात बघा! चिखलातले हात कुणाचे असतात रोज? माझ्या वाट्यात मी हिला स्वतः धरली होती. हिनंच उकरलाय बांध!"

बुडत्या गावाला कोणीतरी हवेच होते. "हिला गावाबाहेर काढा!" दहा तोंडे एकदम बोलली. ज्या बाईने चार दिवसांपूर्वी चुलीपुढून हात हलवला होता, तिने खाली वाकून ढेकूळ उचलले.

आवडीने हात जोडले. "जाते. आजच गाव सोडते. पण आधी हे तोंड बुजवू द्या." आणि ती भगदाडात उतरली. पाठ खाडीकडे, तोंड गावाकडे करून खाली बसली. एका बाईचे अंग ते! पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी मुसंडी मारीत होते. ती घसरू लागली.

एवढ्यात कोणीतरी तिच्याशेजारी येऊन बसले. नारोबा महाराज! ना हाक, ना गडबड. पाठ समुद्राला लावून, मांडी घालून ते छातीभर पाण्यात बसले.

आणि पाणी थांबले!

महाराजांच्या पाठीमागे ते हातभर उंच उभे राहिले. त्यातली मासळी दिसत होती, पण थेंब पुढे येत नव्हता. माणसांच्या हातांतली फावडी तशीच राहिली.

महाराज म्हणाले, "भरती माझ्या पाठीवर आहे. माती तुम्ही घालायची. किती वेळ बसेन, ते तुमच्यावर आहे."

मग माणसे हलली. हातोहात टोपल्या आल्या. दगड, पेंढा, कुणाच्या दाराची फळी, जे मिळेल ते आले. ओहोटी लागेपर्यंत तोंड बुजले. विहीर वाचली. भाताचे मात्र एकही रोप उरले नाही. खारावलेली जमीन गोडी व्हायला तीन पावसाळे लागणार, हे लहान लेकरालाही ठाऊक होते. बायांनी रडायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्याने विचारले, "महाराज, समुद्र थांबवलात, मीठही काढा ना."

महाराज म्हणाले, "ते काम देवाचं नाही, बाबा, तुमचं आहे."

ते उठले, वळले, आणि गावाने त्यांची पाठ पाहिली. पाठभर बिळे होती. बोटाएवढी, अंगठ्याएवढी, खेकड्याच्या बिळासारखी गोल. रक्त नव्हते. प्रत्येकातून खारे पाणी ठिबकत होते.

आवडीने हंबरडा फोडला. ओंजळीत चिखल घेऊन ती एक बीळ बुजवू लागली. महाराजांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. "तुझं यात एकही नाही, बाळ."

शेवटी ढेकूळ उचललेली बाई पुढे आली. तिने चिखल लावला, तसे एक भोक मिटले. मग तिच्यामागून एक, मग आणखी एक. ज्याने त्याने आपले ओळखले. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. एकच उरले, डाव्या खांद्याखाली, मूठ जाईल एवढे. त्यातून धार लागली होती. तिथे कोणी येईना.

महाराजांनी कुणाला विचारले नाही. वेदनेने त्यांचे ओठ मात्र पांढरे पडले होते. आवडी आपले गाठोडे आणायला खोपटाकडे निघाली.

"थांब गो, आवडे."

दाजी खोत होते. पागोटे कुठे पडले होते कोण जाणे. ते गुडघ्यांवर सरकत आले, त्या मोठ्या भोकावर चिखल लावला आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग तसेच वळून आवडीच्या चिखलभरल्या पायांशी वाकले. जमिनीकडे तोंड करूनच ते बोलले :

"बांधात आरपार माडाचा पोकळ ओंडका मी पुरला होता, तिथूनच फुटला बांध. भरतीबरोबर कोलंबी आत यायची. जावई यायचे होते जेवायला, आवडे... तुला दिसेल म्हणून हाकलली तुला."