उजवीकडचं ताट

"म्हणजे काय खायचं, ते तुम्ही सांगणारच नाही?"

पंगतीत मांडी घालता घालता प्राध्यापक त्र्यंबक उकिडव्यांनी विचारलं. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. प्रश्न अर्धा सोडायची सवय नव्हती.

मठाच्या तुळसाआक्का त्यांच्या डावीकडे बसल्या होत्या.

"आहे तेच. बाजरीची भाकरी, घेवडा, ताक."

"मी आजचं विचारत नाही."

दोन महिन्यांत त्यांचं नऊ किलो वजन उतरलं होतं. घास घशाशी येऊन थांबायचा. सगळ्या तपासण्या झाल्या, दोष कुठेच निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, ताण घेऊ नका. आणखी तीन किलो गेले तर नाकातून नळी घालावी लागेल. एका दमात दोन्ही. म्हणून ते आज सकाळी मठात आले होते.

"आता तुम्हीही म्हणाल, मन शांत ठेवा. आधीच सांगतो, मी ठेवणार नाही."

"नका ठेवू," आक्का म्हणाल्या, आणि हाक दिली, "सरांना भाकरी, घेवडा."

भाकरी आली, घेवडा आला. उकिडव्यांनी भाकरीचे सारखे बारा तुकडे केले. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, असं त्यांनी तीन पुस्तकांत वाचलं होतं. एक... दोन... एकोणीसवर घसा आवळला.

"आक्का, भाजीला तेल कुठलं..."

"उजवीकडे बघा."

उजवीकडे धुळाआबा बसला होता. मेंढरं राखणारा, त्यांच्याच वयाचा. हात मांडीवर. ताटात फक्त मिठाची चिमूट.

"अहो, मागून का घेत नाही?"

"इथं आपल्यासाठी मागायचं न्हाई," धुळाआबा म्हणाला. "ज्यानं त्यानं आपल्या उजवीकडच्यासाठी मागायचं. मी तुमच्या वाटणीचा. बसलोय आपला. तुमचं चावून हुईल कवातरी."

उकिडव्यांचे कान तापले.

"हा नियम मला कुणी सांगितला नाही."

"सकाळीच सांगितला," आक्का म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा पाणी उकळलेलं आहे का, ते विचारत होतात."

"यांना भाकरी वाढा," उकिडवे रागातच म्हणाले.

भाकरी आली. नुसतीच.

"कोरडी कशी खातील? घेवडा आणा. ताक आणा."

धुळाआबाने भाकरी कुस्करली, त्यावर ताक ओतलं आणि भुरके मारायला सुरुवात केली. उकिडवे बघत राहिले. दुसरी भाकरी आत्ता सांगावी की थांबावं? ताक पुरेल का? बत्तीसचा आकडा कुठेतरी मागेच राहिला.

"घेवडा जरा जास्त वाढा. लाजतायत ते."

"कोन लाजतंय?" धुळाआबा भरल्या तोंडाने म्हणाला.

दुसरी भाकरीही संपत आली, तेव्हा कुठे उकिडवे आक्कांकडे वळले.

"कळलं मला. दुसऱ्याकडे बघितलं की आपलं दुखणं विसरायला होतं, एवढंच ना? हे कीर्तनात ठीक आहे. माझं दुखणं इतकं सोपं नाही. मला हे पटलेलं नाही, आक्का. पटणारही नाही."

आक्कांनी मान डोलावली. मग उकिडव्यांच्या ताटाकडे पाहिलं. ताटात फक्त मिठाची चिमूट उरली होती.

त्यांनी चुलीच्या दिशेने आवाज चढवला.

"सरांना आणखी अर्धी भाकरी."