टाकीवाल्याचे दुसरे ताट

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला. तेव्हा पीठ घरोघरी जात्यावर दळले जाई. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की टाकीवाल्याला बोलवावे लागे. तो छिन्नीने दगडावर बारीक खाचा पाडून देई, म्हणजेच टाकी लावी, मग जाते पुन्हा नीट दळू लागे.

असाच एक टाकीवाला गावाबाहेर, खाणीच्या कडेला राहत असे. स्वभावाने फार बुजरा. गावात फिरताना तो एकच हाक मारी, "टाकी लावाऽ, टाकी!" त्याखेरीज लोकांशी काय बोलावे, ते त्याला सुचत नसे. बायको होती तोवर तीच दोघांचे बोलून घेई. ती वारली आणि घरातले जाते कोपऱ्यात पडून राहिले. साऱ्या गावाची जाती चालती करणाऱ्याच्या घरी पहाटे कसलाच आवाज होईनासा झाला.

त्याला सगळ्यांत जड जाई ते जेवण. समोर कोणी नसले की घास घशाखाली उतरत नसे.

एकदा जत्रेत एक खेळवाला सशाचे पिल्लू टाकून देत होता. "लंगडतंय, काय कामाचं?" तो म्हणाला. टाकीवाल्याने ते उचलून उपरण्यात घेतले. पांढरे शुभ्र पिल्लू. त्याचे नाव त्याने कापशा ठेवले.

त्या दिवसापासून घरात दोन ताटे मांडली जाऊ लागली. दुधात कुस्करलेली भाकरी, वर गुळाचा खडा. कापशा मिटक्या मारीत खाई. टाकीवाला विचारी, "गूळ कमी पडला का रे?" आणि त्याचाही घास उतरे.

पाय बरा झाल्यावर कापशा दाराबाहेरच्या हरळीकडे मान लांबवू लागला. टाकीवाला त्याला हळूच उचलून आत आणी. "गवत जनावरं खातात, बाळा. तू घरचा माणूस आहेस."

असे काही महिने गेले. मग एके दिवशी कापशाने ताट हुंगले आणि तोंड फिरवले. टाकीवाल्याला वाटले, रुसला. त्याने गूळ वाढवला. दुसऱ्या दिवशी सशाची हनुवटी लाळेने ओली झाली. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यातून उठलाच नाही.

ससा विव्हळत नाही, हाक मारत नाही. दुखणे पोटात ठेवून गप्प बसतो. टाकीवाल्याला हे कळायला हवे होते, कारण तोही तसाच बसत असे.

गावात जनावरांचे कळणारी एकच होती, शेळ्या राखणारी म्हातारी. टाकीवाला कापशाला उपरण्यात गुंडाळून तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तोंड उघडले, पण शब्द फुटेना.

म्हातारी म्हणाली, "माझ्या जात्याला टाकी नको रे बाबा. परवाच लावून गेलास की!"

त्याने उपरणे सोडले. मोठ्या कष्टाने म्हणाला, "आजी, एवढा वाचव. मला दुसरं कोणी नाही."

म्हातारीने सशाचे पोट चाचपले, मग ओठ वर करून पाहिले. दात वाढून आत वळले होते.

"काय चारतोस?"

"मी खातो तेच. दूध, भाकरी, गूळ."

"अरे, गावभर जात्यांची तोंडं बघत फिरतोस, आणि घरातल्याचं एकदा उघडून पाहिलं नाहीस? जात्याचा दगड दळून झिजतो. याचे दात रोज वाढतात, आणि ते गवत चावूनच झिजतात. मऊ भाकरीनं काय झिजणार?"

तिने सशाला पदरात घट्ट धरले. टाकीवाल्याने आपल्या हत्यारांतली बारीक कानस घेतली आणि श्वास रोखून ते दात घासले. आयुष्यात इतक्या हलक्या हाताने त्याने काम केले नव्हते.

"आता हरळी, वाळलं गवत, कुरतडायला कडुलिंबाची काडी, प्यायला स्वच्छ पाणी. आणि अंगणात पळू दे त्याला," म्हातारी म्हणाली.

टाकीवाल्याने खाली बघत विचारले, "मग तो माझ्यासोबत जेवणार नाही?"

"नाही. तो त्याचं जेवेल, त्याच्या वेळेला."

त्याने कापशाला पुन्हा उपरण्यात घेतले. शेळीचे दावे सोडता सोडता म्हातारी म्हणाली, "गवताला माळावर येत जा. दुपारची भाकरी मीही एकटीच सोडते."

टाकीवाल्याने दुसरे ताट धुऊन फळीवर ठेवले. दोन दिवस कापशाने गवताला तोंड लावले नाही. तिसऱ्या पहाटे टाकीवाल्याला कुरकुर ऐकू आली. कोपऱ्यात, बंद जात्याशेजारी, कापशा हरळी चावत होता. किती वर्षांनी त्या घरात पहाटे काहीतरी दळले जात होते! तो न हलता ऐकत राहिला. मग आपली भाकरी फडक्यात बांधून माळाकडे निघाला.

म्हणून, ज्याच्यावर माया करावी त्याची भूक ओळखावी. आपला एकटेपणा त्याच्या ताटात वाढू नये.