हत्तीवर बसलेली पोथी

फार जुनी गोष्ट आहे. कागद तेव्हा हातानं करत आणि शाई दिव्याच्या काजळीची असे. मुलांनो, तुम्ही पुढे येऊन बसा. आणि मोठ्यांनो, तुम्ही उगाच दाराशी घुटमळू नका, ही गोष्ट तुमच्यासाठीच जास्त आहे.

एका राज्यात एक ग्रंथघर होतं. तिथे काय नव्हतं! व्याकरणावरची एक पोथी होती, ती दोघांनी मिळून उचलावी लागे. हत्तीच्या पोटदुखीवरची होती. ग्रहण कधी लागेल ते सांगणारी होती आणि लोणच्याला बुरशी का येते ते सांगणारीही होती. खोगीर कसं शिवावं, रुसलेल्या पाहुण्याला कसं जेवू घालावं, सगळ्यावर कोणी ना कोणी लिहून ठेवलं होतं. सगळ्यांत खालच्या फळीवर, रांगणाऱ्याचाही हात पोचेल अशा ठिकाणी, मुलांची पुस्तकं होती.

दर वर्षी पावसाळा सरला की आश्विनातल्या कोरड्या उन्हात सगळ्या पोथ्या अंगणात मांडत. ओल जावी, कसर लागू नये, म्हणून. त्या दिवशी ग्रंथघराचा कारभारी एकेक पोथी हातात घेऊन पाही. जी वाचून वाचून सगळ्यांत जास्त झिजली असेल, तिला हत्तीवरच्या अंबारीत बसवून गावभर मिरवत. मग राजाचा लेखनिक तिची कोरी करकरीत नक्कल करी आणि जुनी प्रत हात जोडून नदीत सोडत. झिजणं हाच त्या राज्यात पोथीचा मान होता.

आता हत्तीवर कोण बसे? व्याकरण? छे! सलग सात वर्षं हत्तीवर बसलं ते खालच्या फळीवरचं एक पुस्तक. गावातल्या शिंपीणकाकूंनी ते केलं होतं. आंब्याच्या कोयीची पुंगी कशी करायची, दोऱ्याचा पाळणा बोटांवर कसा विणायचा, भिंतीवर सावलीचा ससा कसा उठवायचा, ठिपके जोडले की कोणता प्राणी निघतो, असलं सगळं त्यात होतं. पानांवर गुळाचे डाग, चिंचेचे डाग, एका कोपऱ्यावर तर कोणाचे तरी चार दात उमटलेले. वर्ष संपेपर्यंत त्या पुस्तकाचा पार चोथा होई.

आणि ही मिरवणूक पाहून दर वर्षी एका माणसाचा जीव जळे.

ते होते एक शास्त्रीबुवा. वीस वर्षं त्यांनी हातात काठी आणि खांद्यावर दोर घेऊन सारं राज्य पायी पालथं घातलं होतं. कोणत्या गावात जमिनीखाली किती हातांवर पाणी आहे, ते गोड आहे की खारं, कुठवर खणावं आणि कुठे थांबावं, हे त्यांनी मोजून मोजून लिहिलं होतं. अशी पोथी दुसऱ्या कोणाला जमली नसती, हे मीही कबूल करतो. पण ती सात वर्षं फळीवर होती आणि तिचं एक पानही मळलं नव्हतं.

"पोरांच्या लाळेनं भिजलेलं पुस्तक हत्तीवर, आणि माझी वीस वर्षं फळीवर!" शास्त्रीबुवा जेवताना म्हणत.

"अहो, भात निवतोय," त्यांची बायको म्हणे. "आणि हत्तीवर बसून पोथीला मिळतं काय? वर ऊनच लागतं."

पण त्यांना भात गोड लागेना. सरळ सांगायचं तर त्यांना हेवा वाटत होता, आणि हेवा वाटतो हे कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून ते त्याला न्याय, विद्येचा मान, राज्याची अधोगती अशी मोठमोठी नावं देत. मोठी माणसं असंच करतात. लहान मुलं निदान "मलाही पाहिजे" म्हणून सरळ भोकाड पसरतात.

एकदा त्यांनी काकूंचं ते पुस्तक गुपचूप उघडून पाहिलं. असं आहे तरी काय त्यात, बघू तरी! ठिपक्यांच्या पानावर त्यांचं बोट आपोआप फिरू लागलं. एक, दोन, तीन करता करता मोर निघाला. शास्त्रीबुवांना क्षणभर मजा वाटली. आपल्याला मजा वाटली, या गोष्टीचा त्यांना इतका राग आला की पुस्तक आपटून ते घरी गेले.

वाटेत शिंपीणकाकूच भेटल्या. काखेत कापडाचं बोचकं होतं.

"शास्त्रीबुवा, तुमचा मला फार हेवा वाटतो हो," त्या म्हणाल्या. "माझं पुस्तक मुलं वाचतात कुठली, खातात! वर्षाला फाटतं. तुमची पोथी बघा, अजून जशीच्या तशी."

काकू मनापासून बोलल्या होत्या. आपण केलेली वस्तू धड राहावी असं कोणाला वाटत नाही? पण शास्त्रीबुवांना तो टोमणा वाटला. जळणाऱ्या माणसाला कौतुकही बोचतं. ते तरातरा पुढे गेले आणि त्याच आठवड्यात त्यांनी एक नको ते काम सुरू केलं.

दुपारी जेवण झालं की कारभारी डावा हात उशाला घेऊन आडवा होई. त्या वेळी शास्त्रीबुवा ग्रंथघरात येऊन बसू लागले. आपलीच पोथी काढायची, अंगठा ओला करायचा आणि पानांचे कोपरे चोळायचे. थोडं तेल लावायचं, थोडी हळद. पानं दुमडायची, पुन्हा उलगडायची, पुन्हा दुमडायची. 'लोकांनी वाचायला हवी होती तशी वाचली असती, तर अशीच झाली असती,' असं ते स्वतःला समजावत. वीस वर्षं ज्या हातांनी लिहिलं, तेच हात आता पुसत होते. दक्षिणेकडच्या टेकड्यांच्या पानांवर अंगठा इतका फिरला की काजळीची शाई फुटली आणि अंकांचे नुसते डाग उरले.

'असू दे,' ते मनात म्हणाले. 'मला सगळं पाठ आहे.'

आश्विनात पोथ्या उन्हात मांडल्या. कारभाऱ्यानं शास्त्रीबुवांची पोथी हातात घेतली आणि तो थक्क झाला. "बुवा, हिची तर चाळण झाली! आम्हाला कळलंही नाही, इतके लोक ही वाचतात!" त्यानं दोन्ही हातांनी पोथी डोक्याला लावली.

झालं, पोथी हत्तीवर चढली. नगारे वाजले, बायकांनी फुलं उधळली. शास्त्रीबुवा नवं उपरणं घेऊन पुढे चालत होते, पण त्यांचे डोळे गर्दीत शिंपीणकाकूंना शोधत होते. काकूंचं पडलेलं तोंड एकदा पाहायचं होतं. काकू दिसल्या. गावातली सगळी पोरं गोळा करून त्या चौकात उभ्या होत्या आणि त्यांना सांगत होत्या, "टाळ्या वाजवा रे! वीस वर्षं खपलेत आजोबा!" पोरं जोरजोरानं टाळ्या वाजवत होती. शास्त्रीबुवांचा अर्धा आनंद तिथेच गेला.

चार दिवसांनी लेखनिकानं त्यांना बोलावलं. नक्कल जवळजवळ झाली होती.

"बुवा, या एकोणीस गावांचे अंक दिसत नाहीत. तेवढे सांगता का?"

बारा गावांचे अंक शास्त्रीबुवांना आठवले. सात गावांचे आठवेनात. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, कपाळ चोळून पाहिलं. मोजणीच्या चिठ्ठ्या त्यांनी पोथी पुरी झाली तेव्हाच चुलीत घातल्या होत्या. ती गावं तीन-चार दिवसांच्या वाटेवर होती. काठी उचलून गेले असते, पुन्हा दोर सोडून मोजलं असतं, तर झालं असतं काम. पण कालपरवा ज्याची पोथी हत्तीवरून मिरवली, त्यानं 'मला आठवत नाही' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? शिंपिणीच्या कानावर गेलं तर?

लेखनिकानं बोरू शाईत बुडवला. "टेकडीखालच्या वाडीत पाणी किती हातांवर, बुवा?"

"बावीस," शास्त्रीबुवा ठासून म्हणाले. "लिही."

अशी सात गावं त्यांनी ठासून सांगितली. नवी प्रत फळीवर गेली आणि जुनी नदीत सोडली. शास्त्रीबुवा काठावर उभे होते. पुसलेली पानं पाण्यात वर-खाली झाली आणि बुडाली, तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

वैशाखात एका सकाळी त्यांच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. तो विहिरी खणणारा होता. पाय धुळीनं भरलेले, हातात फडक्यानं बांधलेला तांब्या. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि लांबूनच नमस्कार केला.

"बुवा, यवढं पानी चाखून बघता का?"

शास्त्रीबुवांनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. पाणी खारट होतं.

"टेकडीखालच्या वाडीचं हाय," म्हातारा म्हणाला. "मी तिथं हीर खनली. सोळा हातांवर पानी लागलं. बारीक धार व्हती, पन गोड. गडी म्हनले, बास आता. मी म्हनलं, पोथीत बावीस लिवलंय. शास्त्रीबुवा चुकायचे न्हाईत. आमी बावीसपातुर गेलो. खालचं खारं पानी वर आलं आन् गोड्यात मिसळलं. आता सारी वाडी दोन कोसांवरनं पानी आनती."

शास्त्रीबुवा खाली बसले. सोळा! आता आठवलं. सोळा हातांवर गोडं पाणी, पुढे एक हातही खणू नये. त्यांनी स्वतःच ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"मी भांडायला न्हाई आलो," म्हातारा घाईनं म्हणाला. "तुमच्या पोथीवर मी अकरा हिरी खनल्या, येकबी वाया गेली न्हाई. माजंच वाचन्यात काय चुकलं आसंल. तेवढं दावा, म्हंजे पुन्यांदा व्हायाचं न्हाई."

"तू माझी पोथी वाचायचास?" शास्त्रीबुवांचा आवाज चिरकला. "कधी? तिच्यावर तर बोटाचा एक ठसा नव्हता!"

"कसा आसंल?" म्हातारा हसला. "हे मातीचे हात त्या पानांस्नी लावायचे व्हय? नदीवर हात धुवायचे, सुकवायचे, आन् दर्भाच्या काडीनं पान उलटायचं. आमी हीर खननारे समदे आसंच करतो. आमच्यातला जुना गडी नव्याला पयलं तेच शिकवतो. ती पोथी नासली तर आमी कुनाला इचारायचं?"

मुलांनो, त्या क्षणी शास्त्रीबुवांना जे वाटलं ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये. सात वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्याला वाचक नाहीत. वाचक होते. इतके जपणारे होते की त्यांच्या येण्याची खूणही उरत नव्हती.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. अंगठा, तेल, हळद, हत्ती, बावीस. काही लपवलं नाही.

म्हाताऱ्यानं तांब्यात डोकावून पाहिलं. मग त्यानं तांब्या उचलला, उरलेलं पाणी तुळशीला घालणार होता, पण खारट म्हणून थांबला आणि रस्त्यावर ओतून आला.

"आमी तिला यवढं जपलं, बुवा," तो म्हणाला. "आन् तुमीच पुसली?"

शास्त्रीबुवांनी कारभाऱ्याला जाऊन खरं सांगितलं आणि नवी प्रत फळीवरून काढायला लावली. चुकीचे अंक सातच होते. पण जे बारा आठवले, त्यांचीही आता त्यांना खात्री नव्हती, आणि कोणी विश्वासानं आणखी एक विहीर नासवावी हे त्यांना सोसलं नसतं. कारभाऱ्यानं मान खाली घालून पोथी कपड्यात बांधली.

त्यांनी जुनी काठी आणि दोर काढला. बायकोनं भाकरी बांधून दिली, यावेळी ती चेष्टा करू शकली नाही. सगळ्यांत आधी ते टेकडीखालच्या वाडीत गेले. विहिरीपाशी उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही चूक पोथीची नाही, माझ्या हेव्याची आहे. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बुवांना बरं वाटलं असतं. एक म्हातारी उठली, घरात गेली आणि दोन कोसांवरून आणलेल्या पाण्याचा पेला भरून तिनं त्यांच्यापुढे धरला. "लांबून आलायसा. प्या," ती म्हणाली.

पाणी गोड होतं. शास्त्रीबुवांनी त्याचा एक थेंबही सांडू दिला नाही.

पुढे त्यांनी चार गावं पुन्हा मोजली. पाचव्या गावाच्या वाटेत पाय थकले आणि ते परत आले. वीस वर्षांची ती पोथी पुन्हा कधी पुरी झाली नाही, आणि वाडीची विहीर अजून खारीच आहे.

म्हणून लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या मानाचा हेवा करणारा त्या दुसऱ्याचं काही बिघडवत नाही, तो आपल्याच हातानं आपलं चांगलं काम नासवतो.